अकराच्या आत सहा व्होल्ट

"वीज म्हणजे काय हो मामा? पाणीच! नळातून न येता वायरीतून येतं, एवढाच काय तो फरक!"

रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता हे वाक्य ज्याच्या तोंडून बाहेर पडलं, तो माणूस धंद्याने प्लंबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे घडलं त्याचं तुम्हाला फार नवल वाटायला नको. गल्लीत त्याला सगळे वॉशर म्हणतात. नळ गळो, मिक्सर अडो, दार कुरकुरो, याचं निदान ठरलेलं. "वॉशर गेलाय!" शेजारच्या आजोबांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हाही हा तेच म्हणाला होता. नळाच्या कामात पठ्ठ्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मान्य. अडचण एवढीच, की तो नळापाशी थांबत नाही!

त्या दिवशी घरात नुसती धांदल होती. वॉशरची बायको शाळेत क्लार्क. तिने एक विनोदी लेख लिहून रेडिओ केंद्राला पाठवला, तो निवडला गेला, आणि अकरा वाजता ती स्वतः तो वाचणार होती. थेट प्रक्षेपण! लेख कशावर आहे हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. "ऐकाल तेव्हा कळेल," म्हणायची आणि गालातल्या गालात हसायची.

ऐकायला तिचे आईवडील आणि धाकटी बहीण दोन दिवस आधीच येऊन दाखल झाले होते. वडील, म्हणजे वॉशरचे मामा, निवृत्त मीटर रीडर. तीस वर्षं दारोदार फिरून लोकांची मीटरं वाचली, विजेला मात्र एकदाही हात लावला नाही. त्या नोकरीने त्यांना एक खोड लावून ठेवली होती. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा आणि हात आपोआप बटणाकडे जायचा. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसले असताना डॉक्टर जरा बाहेर गेले, तर मामांनी आत जाऊन त्यांचा दिवा मालवला. परत आलेले डॉक्टर खुर्चीला अडखळून पडले आणि मामांच्या आधी त्यांचाच एक्स-रे काढावा लागला!

मामांनी येताना आपला जुना रेडिओ उराशी धरून आणला होता. "दुसऱ्याच्या रेडिओत आवाज खरा येत नाही," असं त्यांचं ठाम मत. त्याचा सेलचा कप्पा गंजून कामातून गेला होता, त्यामुळे तो अडॅप्टरवर चालायचा. म्हणजे ती काळी डबी हो! भिंतीतली दांडगी वीज खाते आणि रेडिओला झेपतील एवढे सहा व्होल्ट बाहेर काढते. ती डबी मामांनी आल्याआल्या मुलीकडे जपून ठेवायला दिली होती. वॉशरच्या घरचा रेडिओ कुठे गेला म्हणाल, तर तो त्याने मागच्या वर्षी दुरुस्त केला होता. तेव्हापासून घरात रेडिओ नाही.

"पोर लहान होती ना," मामा चहा पिता पिता म्हणाले, "तेव्हा काहीबाही लिहायची आणि वाचून दाखवायला माझ्यामागे धावायची. मी आपला वही काखेत मारून मीटरं वाचायला निघालेला. 'नंतर, बाळ, नंतर' म्हणायचो. ते नंतर आज आलंय, जावईबापू. एक शब्द चुकवायचा नाही मला."

"शब्द? मामा, स्वल्पविरामसुद्धा ऐकवतो!" वॉशरने छाती ठोकली.

साडेआठला बायको निघाली. दारातून वळली. "अहो, बाबांच्या रेडिओचा अडॅप्टर मी त्या..."

"तू जा गं! पहिल्याच दिवशी उशीर करतेस का?"

"ऐकून तरी घ्या, तो त्या..."

"जा म्हटलं ना! सगळं मी बघतो!"

बायकोने एक सुस्कारा सोडला आणि गेली. आता तुम्हीच सांगा, यात चूक कोणाची?

साडेनऊला मामा म्हणाले, "लावून बघू या का? ऐनवेळी घोळ नको." आणि शोधाशोध सुरू झाली. कपाट पाहिलं. माळा पाहिला. मेहुणीने गाद्या उलथ्यापालथ्या केल्या. मामींनी डाळीच्या डब्यात हात घालून पाहिला, कारण त्या स्वतः सगळं तिथेच ठेवतात. अडॅप्टर नाही!

"भाऊजी, शेजारी जाऊन ऐकू या का?" मेहुणीने विचारलं.

"शेजारी?" वॉशर असा ओरडला, की शेजाऱ्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. "कारागिराच्या घरचे लोक शेजारी जाऊन रेडिओ ऐकणार? अडॅप्टरला काय तोटा आहे माझ्याकडे!"

त्याच्या भंगाराच्या पेटीतून एक अडॅप्टर निघाला. कुठल्या यंत्राचा होता देव जाणे, पण विटेएवढा जाड आणि तसाच जड. वर लिहिलं होतं, नऊ व्होल्ट. वॉशरने व्होल्ट मोजायचा मीटर लावला. काटा गेला तेरावर!

"बघा! लिहितात नऊ आणि देतात तेरा! ही काय पद्धत झाली?"

"जास्त देतायत तर ओरडताय कशाला?" मामी म्हणाल्या.

"मामी, रेडिओ सहाचा आहे. तेरा दिले तर त्याचा कोळसा होईल!"

कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काकांना घाई हा शब्द माहीत नाही. वॉशर धापा टाकत पोचला, तेव्हा ते चष्मा पुसत होते. पुसून झाला. मग त्यांनी ऐकून घेतलं.

"साधा अडॅप्टर रिकामा असला की जास्तच दाखवणार," काका म्हणाले. "काम अंगावर पडलं की उतरतो. आपल्यासारखाच. त्याला शिस्त लावायला मध्ये रेग्युलेटर हवा." त्यांनी ड्रॉवरमधून नखाएवढी काळी वस्तू काढली. तिला तीन पाय. "छापलेली बाजू स्वतःकडे धर. डावा पाय आत, मधला दोघांत सामाईक, उजवा बाहेर. डाव्यात तू नऊ घाल, तेरा घाल, उजवीकडून सहाच निघणार. माझ्याकडे सहाचा हा एकच उरलाय, जपून."

"म्हणजे प्रेशर व्हॉल्व्हच की! मग आधी नाही सांगायचं!"

दहा वाजले होते. जोडणी किती सोपी! डावा, मधला, उजवा. शाळेतलं पोरगंही करील. पण वॉशरची वीस वर्षांची सवय आड आली. या माणसाने आयुष्यभर बेसिनखाली उताणं पडून काम केलेलं! उताणं पडल्याशिवाय याचा हातच चालत नाही. तो सरळ टेबलाखाली शिरला, पाठीवर झोपला, रेग्युलेटर वर टेबलाला टेकवला आणि खालून वायरी डकवल्या. छापलेली बाजू गेली टेबलाकडे, पाठ आली याच्याकडे. पुढे काय झालं असेल ते ओळखा! डावा झाला उजवा, उजवा झाला डावा.

"लाव गं बटण!"

मेहुणीने बटण दाबलं. मग टेबलाखालून "आई गं!" असा आवाज आला आणि पाठोपाठ जळका वास. वॉशर बाहेर आला, तो अंगठा तोंडात घालून.

"काय झालं?" मामांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. वॉशर गेला."

सव्वादहा! मामा एकदा घड्याळाकडे बघत आणि एकदा रेडिओकडे. उठत, दोन पावलं टाकत, पुन्हा बसत. त्यांच्या चकरा पाहून वॉशरची नजर शेजाऱ्यांच्या खिडकीकडे गेली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी त्याला शेजाऱ्यांकडे जावंसं वाटलं होतं. पण मघाशी एवढ्या मोठ्याने ओरडल्यावर कोणत्या तोंडाने जाणार? हात दाखवून अवलक्षण! आणि तेवढ्यात काकांचं वाक्य त्याच्या डोक्यात चमकलं. काम अंगावर पडलं की उतरतो!

"सापडलं!" तो किंचाळला. मामींच्या हातून वाटी पडली. "नळाला दाब जास्त असला की काय करतात? बाजूचे दोन नळ सोडतात! दाब आपोआप उतरतो! तेराचे सहा करायचे ना? मग अडॅप्टरला कामाला लावा!"

तो तडक खाली गेला आणि स्वतःच्या स्कूटरचा मागचा मोठा दिवा उपटून घेऊन आला. अडॅप्टरला जोडला. दिवा भगभगला, मीटर तेरावरून नवावर आला!

"बघा मामा! बघा!"

मेहुणीचा सेलवरचा छोटा पंखा जोडला. आठ. पुन्हा खाली धावला, स्कूटरच्या बाजूचे दोन पिवळे दिवे काढून आणले. सात. मग श्वास रोखून रेडिओ जोडला. काटा थरथरला आणि बरोबर सहावर उभा राहिला. रेडिओतून गाणं सुरू झालं! मामांनी टाळी वाजवली. मामींनीसुद्धा जावयाकडे पहिल्यांदाच कौतुकाने पाहिलं. वॉशर कमरेवर हात ठेवून असा उभा राहिला, की जणू विजेचा शोध यानेच लावलाय.

पण गाणारी बाई वरच्या पट्टीत गेली आणि रेडिओचा घसा बसला. आवाज मोठा झाला की रेडिओ जास्त वीज प्यायचा आणि काटा पाचावर घसरायचा. बाई खाली उतरली की काटा सातावर उडी मारायचा.

"हरकत नाही!" वॉशर म्हणाला. "माणसं कशाला आहेत? तू पंख्यापाशी. मामी, तुम्ही पिवळ्या दिव्यांपाशी. मी काटा बघतो. मी सांगेन तसं करायचं!"

आणि कवायत सुरू झाली!

"पंखा बंद! चालू! मामी, एक दिवा काढा! लावा! अहो, हा नाही, तो! पंखा! पंखाऽऽ!"

"मी लेकीला ऐकायला आलेय की हमाली करायला?" मामी वैतागल्या. "आणि तो मोठा दिवा आधी उचला इथून! डोळ्यांपुढे काजवे चमकतायत माझ्या."

मामींचं म्हणणं बरोबर होतं. मोठा दिवा तोंडावर झोत टाकत होता आणि तापलाही होता. वॉशरने लांब वायर घेतली आणि दिवा नेऊन बाथरूममध्ये खुंटीला टांगला. आता तो नुसता टांगून थांबला असता तरी निभावलं असतं. पण प्रत्येक नळाला बंद करायचा कॉक हवाच, हा त्याचा धर्म! त्याने टेबललॅम्पचं बटण काढून त्या वायरीत बसवलं आणि ते बाथरूमच्या दाराबाहेर खिळ्याला अडकवलं.

दहा पन्नास. काटा सहावर. सगळे आपापल्या जागी. वॉशरच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

दहा पंचावन्नला मामा उठले. "मी जरा जाऊन येतो. मध्ये उठायला नको."

"लवकर या मामा!"

कोणाच्याही, अगदी कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. सगळा प्रकाश बाथरूममध्ये होता!

दहा अठ्ठावन्न. बातम्या संपल्या. निवेदिकेचा गोड आवाज आला, "श्रोतेहो, आता ऐकू या एक खुसखुशीत लेख. सादर करीत आहेत..."

बाथरूमचं दार उघडलं. मामा हात पुसत बाहेर आले. मागे वळून त्यांनी रिकाम्या बाथरूमकडे पाहिलं. तिथे दिवा जळत होता. दिवसाढवळ्या!

"मामा, नको!" वॉशर ओरडला.

टक्.

सगळ्यात मोठा नळ बंद झाला. काटा सहावरून जो उसळला तो कुठे गेला ते वॉशरला दिसलंही नाही. पंखा भिंगरीसारखा फिरला, पिवळे दिवे पांढरे झाले, आणि मामांच्या रेडिओतून 'फट्' असा आवाज येऊन धुराची एक बारीक रेघ निघाली.

"दिवा तसाच विसरलात, जावईबापू," मामा म्हणाले. मग त्यांना शांतता ऐकू आली. "का? बंद का केला? सुरू झालं ना तिचं?"

मामांनी धूर पाहिला, हातातलं बटण पाहिलं, आणि सगळं समजलं. ते मटकन खुर्चीत बसले. "मीच घालवला," ते पुटपुटले. "तेव्हाही मीच, आणि आताही मीच."

वॉशरला तोंडात मारल्यासारखं झालं. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वॉशर सोडून दुसरं काहीतरी आतून तुटल्यासारखं वाटलं. त्याने मामांचा हात धरला.

"उठा मामा. पळा!"

"कुठे?"

"पळा आधी!"

पुढे वॉशर, त्याच्या हाताला सासरे, मागे मेहुणी, आणि सगळ्यात मागे मामी, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात जावयाची! गल्लीतल्या लोकांना वाटलं आग लागली. दोघेजण बादल्या घेऊन उलट दिशेने धावले.

"काका! रेडिओ लावा! अकरा वाजले!"

दुकानात एकोणीस रेडिओ होते आणि एकोणीसच्या एकोणीस पोटं फाडून पडलेले! काकांनी चष्मा काढला. वॉशरने तो त्यांच्या हातातून घेऊन परत नाकावर बसवला. "पुसू नका! स्वच्छ आहे!"

"बरं, बरं." काकांनी एक उघडा रेडिओ पुढे ओढला, त्याच्या दोन वायरी टेबलावरच्या लोखंडी पेटीला लावल्या आणि पेटीचं बटण सहावर फिरवलं. रेडिओ बोलू लागला. तिचाच आवाज! वॉशरची नजर मात्र पेटीच्या काट्यावर. आवाज चढला, उतरला, काटा तसूभर ढळला नाही.

"हा हलत का नाही?" त्याने कुजबुजत विचारलं.

"हलू नये म्हणूनच तर असतो तो," काका म्हणाले. "गप्प बस आता."

फक्त पहिली दोन वाक्यं हुकली होती. बायकोचा आवाज खणखणीत येत होता, "माझ्या नवऱ्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण एकच आहे. वॉशर!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. मेहुणीने तोंडाला ओढणी लावली. वॉशरचे कान लाल झाले. म्हणजे लेख हा होता तर! घरचा रेडिओ, मिक्सर, आजोबांचे गुडघे, तिने काहीएक सोडलं नव्हतं. आणि मामा? मामा हसत होते, डोळे पुसत होते, आणि पुन्हा हसत होते. "काय लिहिते हो पोरगी!" ते गिऱ्हाइकांना सांगत होते. "माझी आहे! माझी!" ते पाहून वॉशरलाही बरं वाटलं. आपली चंपी झाली तर झाली, म्हातारा सुखावला! खरंच सांगतो, तो मनापासून हसलासुद्धा.

तेवढ्यात शेवट आला.

"घरात कोणतीही वस्तू आली की तिच्याबरोबर माहितीपुस्तक येतं. ते पुस्तक माझा नवरा न उघडता एका खोक्यात टाकतो. बारा वर्षं झाली, त्या खोक्याला त्याने पुन्हा हात लावलेला नाही. म्हणून जी वस्तू त्याच्यापासून वाचवायची, ती मी त्या खोक्यात ठेवते. चांगली कात्री तिथे आहे. चांगला टॉर्च तिथे आहे. हा लेख निवडला गेलाच, तर ऐकायला माझे वडील येतील, तेव्हा त्यांच्या रेडिओचा अडॅप्टरही तिथेच ठेवणार आहे. त्याला मी तसं सांगीनच. पण तो म्हणेल, तू जा, सगळं मी बघतो!"

दुकान हसून कोसळलं. मग हळूहळू सगळी डोकी वॉशरकडे वळली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मामी म्हणाल्या आणि पायातली जावयाची चप्पल काढून त्याच्यापुढे ठेवली.

बारा वाजता वॉशर बायकोला आणायला स्कूटर घेऊन गेला. वाटेत त्याने पक्कं ठरवलं होतं, खोटं बोलायचं नाही, पण खरंही बोलायचं नाही. रेडिओ काकांकडे दिला होता. संध्याकाळपर्यंत मिळणार होता. तोवर नुसतं हसत राहायचं.

"बाबांनी ऐकलं?" मागे बसता बसता तिने विचारलं.

"जवळजवळ सगळं! रडले गं! आणि हसले. सगळ्यांना सांगत होते, माझी आहे म्हणून."

ती त्याच्या पाठीवर डोकं टेकवून म्हणाली, "आणि तुम्ही रागावला नाहीत?"

"छे! उलट अभिमान वाटला."

"आवाज नीट येत होता ना?"

"एकदम सहा व्होल्ट!"

चौकात हवालदाराने शिट्टी मारली. वॉशरने करकचून ब्रेक लावला. मागून येणारा टेम्पो जेमतेम थांबला आणि ड्रायव्हरने शिव्यांची लाखोली वाहिली. हवालदार सावकाश चालत मागे गेला, वाकला, आणि परत पुढे आला.

"मागचा दिवा कुठाय? ब्रेक मारलेला लोकांना कळायचा कसा?"

वॉशर मागे वळून रस्त्यावर पाहू लागला, जणू दिवा आत्ताच गळून पडला असावा.

"बाजूचेही दोन्ही नाहीत! कुठे गेले?"

"साहेब..." वॉशर खाली मान घालून म्हणाला, "बाथरूममध्ये आहेत. म्हणजे... मोठा बाथरूममध्ये. बाकीचे पंख्यापाशी."

हवालदाराने त्याचं तोंड हुंगलं. वॉशरला तेवढ्यात पाठीवरचं डोकं उचललं गेल्याचं जाणवलं.

"अहो," मागून आवाज आला. अगदी शांत, काटा जराही न हललेला. "पुस्तकांचं खोकं उघडलं होतंत ना?"

"उघडलं ना!" वॉशर म्हणाला. "उघडलं तर! अकरा वाजून वीस मिनिटांनी."